तान्ह्या बाळाचा मलावरोध : ओळख, उपाय आणि खबरदारी

शिंदेशाहीच्या काळापासून उज्जैन नगरीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत बाळंतपणाच्या आणि शिशुसंगोपनाच्या पुष्कळशा रीती आजही निष्ठेने पाळल्या जातात. शेकशेगडी, तेलमालिश, डिंकाचे लाडू, सहाणेवर उगाळलेली गुटी ह्यांचा वारसा जसा सासूकडून सुनेकडे येतो, तशीच एक चिंताही तिच्याकडे येते. बाळाला तीन-चार दिवस शी झाली नाही, आता काय करावे, हा प्रश्न नव्या मातापित्यांकडून इतक्या वेळा आणि इतक्या काकुळतीने विचारला जातो, आणि त्याची उत्तरे घरातील आजी, शेजारच्या मावशी व कोपऱ्यावरचा औषधविक्रेता ह्यांच्याकडून इतकी परस्परविरुद्ध मिळतात, की त्याचा क्रमवार विचार एकदा मांडणे अगत्याचे वाटते.

आरंभीच दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मलावरोधाचा निर्णय दिवसांच्या गणतीवर करावयाचा नसून मलाचे स्वरूप, बाळाचे दूध पिणे आणि त्याचे वजन ह्या तीन गोष्टींवर करावयाचा असतो, ही पहिली. घाबरून जाऊन केलेल्या उपायांनी तान्ह्या बाळाला जितकी इजा पोचते, तितकी पुष्कळदा मूळ तक्रारीने पोचत नाही, ही दुसरी.

प्रथम निर्णय करा : हा खरोखर मलावरोध आहे काय?

बाळाचे वय आणि त्याचा आहार ह्यांनुसार स्वाभाविक काय व अस्वाभाविक काय, हे बदलत जाते. ते पुढीलप्रमाणे :

- पहिले दोन दिवस : नवजात बाळाची पहिली शी काळपट हिरवी व डांबरासारखी चिकट असते. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ती जन्मानंतर २४ तासांच्या आत होते. ४८ तास उलटूनही ती न झाल्यास, बाळ कितीही शांत निजलेले दिसत असले, तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवल्यावाचून घरी नेऊ नये.
- पहिले सहा आठवडे, अंगावर पिणारे बाळ : चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिवसातून तीन-चार वेळा, कित्येकदा प्रत्येक पाजण्याबरोबर, पिवळी, सैल व रवाळ शी होते, ती अतिसार नव्हे. ह्या काळात शी फारच क्वचित होत असेल, तर मलावरोधाआधी दूध अपुरे पोचत असल्याची शंका घ्यावी. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठी निदान सहा लंगोट लघवीने ओले व्हावेत, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास बाळाने जन्माचे वजन परत गाठलेले असावे.
- सहा आठवड्यांनंतर, केवळ अंगावर पिणारे बाळ : आता काही बाळांना रोज शी होते, तर काहींना सात ते दहा दिवसांतून एकदा. इतक्या दिवसांनी झालेली शीही मऊ असेल, बाळ मन लावून पीत असेल, खेळत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर तो मलावरोध नव्हे व त्याला कोणतेही औषध नको.
- डब्याचे दूध पिणारे बाळ : ह्याची शी अधिक घट्ट, अधिक तपकिरी आणि बहुधा दररोज अथवा एक दिवसाआड होते.
- सहा महिन्यांनंतर : वरचे अन्न सुरू होताच शीचा रंग, वास व घट्टपणा बदलतो. बाळाला लोहाचे औषध चालू असल्यास शी काळसर दिसते. त्याने भिण्याचे कारण नाही.

आणखी एका अवस्थेने आईबापांची फार दिशाभूल होते. नऊ महिन्यांच्या आतील काही बाळे शी होण्यापूर्वी दहा-दहा मिनिटे किंवा त्याहूनही अधिक वेळ कुंथतात, लालबुंद होतात, पाय पोटाशी घेऊन रडतात, आणि इतक्या सायासानंतर होणारी शी मात्र अगदी मऊ असते. पोटाने जोर लावणे आणि त्याच क्षणी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडणे ह्या दोन क्रियांचा मेळ घालण्यास बाळ अद्याप शिकलेले नसते. काही आठवड्यांत तो मेळ आपोआप जमतो. ह्याला औषध नाही आणि गुदद्वारात काही घालून चेतना देणे तर मुळीच हितावह नाही, कारण त्यामुळे हे शिक्षण लांबणीवर पडते. ज्यांना बोलता येत नाही अशा बालकांच्या वेदना त्यांच्या चेष्टांवरून कशा ओळखाव्यात, ह्याचा विचार काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात फार प्राचीन काळी झालेला आहे. आपणही रडण्याचा एकच अर्थ न लावता त्या रडण्याबरोबर काय काय घडते, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

खऱ्या मलावरोधाची लक्षणे

- शी सुक्या खड्यांसारखी, लेंड्यांसारखी अथवा बाळाच्या मानाने फार जाड व टणक होणे.
- शी होताना वेदनेने रडणे; टणक शीवर अथवा लंगोटावर ताज्या लाल रक्ताची बारीक रेघ दिसणे. टणक मलाने गुदद्वाराला चीर पडली म्हणजे असे होते.
- वरचे अन्न खाणाऱ्या बाळाला आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शी होणे.
- पोट फुगणे, भूक मंदावणे, चिडचिड करणे, आणि शी झाल्याबरोबर बाळ पुन्हा प्रसन्न होणे.
- चालू लागलेल्या मुलाने शीची भावना होताच पाय आवळून, टाचा उचलून अथवा कोपऱ्यात दडून शी रोखून धरणे.

कारण शोधल्यावाचून उपाय करू नये

केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला खरा मलावरोध क्वचितच होतो. म्हणूनच अशा बाळाची शी टणक होऊ लागली, तर बाळाला आणखी काही दिले जात आहे काय, ह्याची घरात प्रथम चौकशी करावी. बहुतांश प्रकरणांत कारण पुढीलपैकी एक निघते.

डब्याचे दूध चुकीच्या प्रमाणात कालवणे. बाळ अशक्त आहे म्हणून एक चमचा अधिक घालणे किंवा पुडी महाग म्हणून एक चमचा कमी घालणे, ह्या दोन्ही गोष्टी घातक आहेत. पहिलीने मल घट्ट होतो, दुसरीने बाळाचे पोषण खुंटते. डब्यावर लिहिलेले प्रमाण, डब्यातलाच चमचा, तो सपाट भरलेला, आणि आधी पाणी मोजून मग त्यात पूड, हा क्रम कधीही मोडू नये.

एक वर्षाच्या आत गाईम्हशीचे दूध देणे. माळव्यात दुधाची समृद्धी असल्याने चौथ्या-पाचव्या महिन्यातच घरचे दूध सुरू करण्याचा मोह होतो. परंतु ह्या दुधातील प्रथिने व क्षार बाळाला जड जातात, त्यात लोह फार थोडे असते, आणि काही बाळांत त्यातील प्रथिनांची असहिष्णुता हेच हट्टी मलावरोधाचे मूळ असते. मुख्य पेय म्हणून हे दूध वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊ नये. त्यानंतरही दिवसाला सुमारे अर्ध्या लिटरपेक्षा अधिक दूध पिणारे मूल जेवणाला विन्मुख होते आणि त्याची शी खडा होते.

वरच्या अन्नातील एकसुरीपणा. साबुदाण्याची पेज, मैद्याची बिस्किटे, नुसता भात आणि बटाटा ह्यांवर आठवडेच्या आठवडे काढणाऱ्या बाळाच्या आहारात चोथा जवळजवळ नसतो.

शी रोखून धरणे. एकदा दुखले म्हणून मूल शी रोखते, रोखल्याने मल अधिक वाळतो, आणि वाळलेल्या मलाने पुन्हा अधिक दुखते. दीड-दोन वर्षांच्या मुलांत हे चक्रच मुख्य कारण असते. अशा वेळी मुलाला रागावणे म्हणजे ते चक्र स्वतःच्या हाताने फिरवणे होय.

घरी करण्याजोगे उपाय

सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी

१. अंगावरच पाजत राहा, बाळ मागेल तेव्हा आणि मागेल तितके पाजा. उज्जैनचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो आणि अशा उन्हाळ्यात बाळाला चमचाभर पाणी द्यावे असे वडीलधाऱ्यांना मनापासून वाटते. परंतु आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते आणि सहा महिन्यांपर्यंत निराळे पाणी देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे. उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात, आणि पाणी आईने प्यावे.
२. डब्याचे दूध चालू असल्यास ते कालवण्याची पद्धत तपासा. तज्ज्ञांना विचारल्यावाचून दुधाचा प्रकार वरचेवर बदलू नका.
३. बाळाला उताणे निजवून त्याचे पाय सायकल चालविल्यासारखे हळुवार हलवा. पाजल्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास जाऊ देऊन कोमट हातांनी बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकी मालिश करा. जोर लावू नका.
४. कोमट पाण्याने आंघोळ घाला. तिने स्नायू सैलावतात.

सहा महिने ते एक वर्षाच्या बाळासाठी

१. स्तनपान चालू ठेवून जेवणाबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट वाटीचमच्याने द्या. दिवसभरात मिळून अर्धा ते एक पेला पाणी पुरे होते.
२. पिकलेली पपई, शिजवून कुसकरलेली नासपती, रात्रभर भिजवून व गाळून घेतलेला मनुकांचा अथवा आलुबुखाराचा गर ह्यांपैकी एखादे रोज द्या. नासपती व आलुबुखारात सॉर्बिटॉल नावाची नैसर्गिक शर्करा असते. ती आतड्यात पाणी ओढून घेते व मल मऊ करते.
३. खिमटात किंवा मऊ वरणभातात पालक, दुधी, भोपळा, गाजर शिजवून घोटा; गव्हाच्या दलियाची पातळ लापशी सुरू करा. प्रत्येक घासात थोडे तूप अथवा तेल असावे. सर्व पदार्थ गाळून घेण्याची सवय सोडा, कारण गाळण्यात राहतो तो चोथाच बाळाला हवा असतो.
४. बाळाला जमिनीवर मोकळे सोडा. पालथे पडणे, सरपटणे, रांगणे ह्यांनी आतड्यांनाही चालना मिळते.

एक वर्षानंतर

दुधाला मर्यादा घाला, बाटली बंद करून पेल्याने पाजा, आणि घरात शिजते तेच भाजी, वरण, पोळी कुसकरून द्या. शीला बसवण्याचे शिक्षण मूल स्वतः तयारी दाखवील तेव्हाच, बहुधा दोन वर्षांच्या सुमारास, आणि शी मऊ झाल्यावरच सुरू करा.

काय कटाक्षाने टाळावे

पुढील गोष्टी ज्या प्रेमाने केल्या जातात त्याविषयी शंका नाही. परंतु त्यांतील धोका माहीत झाल्यावरही त्या चालू ठेवणे, हे प्रेमाला शोभणारे नाही.

- विड्याच्या पानाचा देठ, साबणाची वडी अथवा बोट गुदद्वारात घालणे : कोवळ्या अस्तराला इजा होते, साबणाने दाह होतो, आणि बाळाला ह्या चेतनेवाचून शी करण्याचा सराव होत नाही.
- एरंडेल : तान्ह्या बाळात तीव्र जुलाब होऊन शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊ शकते.
- मध : एक वर्षाच्या आत मधाचे बोटही नको. मधातील विशिष्ट जंतूंचे बीजकण बाळाच्या आतड्यात रुजून विष निर्माण करतात. ह्या आजाराचे पहिले लक्षण पुष्कळदा मलावरोध हेच असते, आणि नंतर चोखणे मंदावणे, पापण्या मिटू लागणे, मान लुळी पडणे अशी अवस्था ओढवते.
- गुटी : हिरडा, वेखंड, मुरडशेंग, अतिविष, जायफळ अशी द्रव्ये अंदाजाने उगाळून देण्यात मात्रेचा भरवसा नसतो, सहाण, पाणी व बोट ह्यांतून जंतुसंसर्ग होतो. सहा महिन्यांपर्यंत ती देऊ नये. बाजारातल्या खुल्या चूर्णांविषयी अधिकच सावध असावे, कारण बालकांसाठी विकल्या जाणाऱ्या काही पारंपरिक चूर्णांत शिसे आढळले आहे.
- ग्राइप वॉटर : १८५१ साली इंग्लंडात विल्यम वुडवर्ड ह्यांनी ते प्रथम तयार केले, तेव्हा त्यात मद्यार्कही होता. आज तो नसला, तरी त्याने मलावरोध बरा होतो असा पुरावा नाही.
- लिक्विड पॅराफिन : ते बाळाच्या श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते.
- स्वतःच्या अखत्यारीत बत्ती अथवा एनिमा देणे : ग्लिसरिनची बत्तीसुद्धा डॉक्टरांनी सांगितली तरच आणि सांगितली तितक्या वेळाच वापरावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

त्याच क्षणी, रात्र असली तरी :

- हिरवी उलटी होणे. पोट फुगून टणक लागणे.
- थांबून थांबून किंचाळून रडणे, मधल्या वेळी मलूल पडणे, आणि रक्तमिश्रित बुळबुळीत, लालसर चिकट शी होणे; ह्यात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो.
- तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असणे.
- दूध पूर्णपणे सोडणे. चोखण्याची शक्ती कमी होणे. अंग सैल पडणे.

एक-दोन दिवसांत, वेळ ठरवून :

- पहिली शी ४८ तासांनंतर झाली होती आणि तेव्हापासून त्रास चालूच आहे, किंवा शी फितीसारखी बारीक होते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसण्याचा जन्मजात दोष, ज्याचे वर्णन डेन्मार्कचे बालवैद्य हॅराल्ड हिर्शस्प्रुंग ह्यांनी १८८६ साली केले, तो अशा वेळी तपासावा लागतो. त्यावर शस्त्रक्रियेने इलाज आहे, मात्र विलंब महागात पडतो.
- वजन वाढत नाही. बाळ सुस्त आहे, आवाज घोगरा आहे, कावीळ लांबली आहे. अशा वेळी थायरॉइडची रक्ततपासणी आवश्यक असते.
- कमरेखाली पाठीवर खळगा, केसांचा झुपका अथवा पायांत अशक्तपणा दिसतो.
- घरगुती उपाय दोन आठवडे करूनही शी टणकच आहे, किंवा रक्त पुन्हा पुन्हा दिसते.

डॉक्टरांपुढे काय मांडावे?

एका साध्या वहीत आठवडाभराची नोंद ठेवा : शीची तारीख व वेळ, ती मऊ की टणक, रंग, रक्त आहे की नाही, बाळ काय व किती प्याले, काय खाल्ले, कोणते औषध वा गुटी दिली. गुटी दिली असल्यास संकोचाने लपवू नका. जन्माचा कागद, वजनाचा तक्ता असलेले लसीकरणाचे कार्ड आणि चालू औषधांच्या बाटल्या बरोबर न्या.

डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉलसारखे मल मऊ करणारे औषध देतील, तर त्याची सवय लागेल ह्या भीतीने ते चार दिवसांत बंद करू नका. ताणले गेलेले आतडे पूर्ववत होण्यास कित्येकदा महिने लागतात, आणि मुदतीपूर्वी औषध सोडणे हे तक्रार उलटण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. मात्रा वाढवणे, घटवणे वा थांबवणे, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

उज्जैनमध्ये कोठे जावे आणि आपले हक्क कोणते?

शहरात माता व बालकांसाठी शासकीय चरक रुग्णालय आहे. सुरासा येथे आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आणि बालशस्त्रक्रियेची गरज पडल्यास सुमारे ५५ किलोमीटरांवर इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. तातडीच्या वाहनासाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. पुढील हक्क प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घ्यावेत :

- २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात तपासणी, औषधे, उपचार व ने-आणीचे वाहन विनामूल्य मिळते. कोणी पैसे मागितल्यास पावती मागा आणि लेखी तक्रार करा.
- रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ व ४२ ह्या दिवशी घरी येऊन बाळ पाहावे, अशी योजना आहे. दूध पुरते की नाही, ही शंका त्याच वेळी विचारा.
- अंगणवाडीत बाळाचे वजन करून तक्त्यावर नोंदवून घेता येते. घरी काटा नसल्यास तेथेच जा.
- १९९२ च्या आणि २००३ साली दुरुस्त झालेल्या शिशुदुग्ध-पर्यायविषयक कायद्याने डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास, मातांना फुकट नमुने देण्यास व आरोग्यकर्मचाऱ्यांना त्यासाठी प्रलोभने देण्यास मज्जाव केला आहे. वैद्यकीय कारण न सांगता कोणी विशिष्ट डबा गळ्यात मारू लागल्यास त्याचे कारण विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

वाचकहो, आपल्या बाळाला उद्या शी झाली नाही, तर दिवस मोजण्याआधी त्याचे पोट हाताने चाचपा, शेवटची शी कशी होती ते आठवा, ते पीत आहे काय ते पाहा आणि अंगणवाडीत जाऊन त्याचे वजन करून घ्या. ह्या चार गोष्टी ठीक असतील, तर निश्चिंत मनाने वाट पाहा. त्यांतील एकही बिघडलेली दिसली, तर देठ, साबण आणि एरंडेल ह्यांत वेळ न दवडता बाळाला घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा. आणि हा निर्णय घरातील सासूबाईंना, आजींना विश्वासात घेऊन, सर्वांनी मिळून करा; कारण बाळाभोवतीच्या माणसांत एकमत असले, म्हणजे त्याच्यावर उपायांचे प्रयोग होत नाहीत.